दोषशोधन साधनांचे वर्णन (एआय एजंटांसाठी)

प्रोग्राममधील चूक हुडकणारी साधने एआय एजंटाच्या, म्हणजे साधने वापरून स्वतःहून काम करणाऱ्या भाषा-मॉडेलाच्या, हाती देताना प्रत्येक साधन काय करते, केव्हा वापरावे आणि त्याच्या उत्तराचा अर्थ कसा लावावा हे सांगणारा जो मजकूर सोबत दिला जातो, त्याला साधनाचे वर्णन म्हणतात. भाषा-मॉडेल साधनाचा कोड सहसा पाहत नाही. त्याच्यापुढे साधनाचे नाव, हे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा एवढेच येते. ओपनएआयने जून 2023 मध्ये आपल्या मॉडेलांना फंक्शनला (प्रोग्राममधील ठरावीक काम करणाऱ्या भागाला) हाक मारण्याची सोय दिली आणि अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये मॉडेलांना साधने जोडण्याची सामाईक पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, खुली केली. त्यानंतर असे मजकूर लिहिणे हे नेहमीचे काम झाले.

डीबगर (चालता प्रोग्राम थांबवून आत पाहू देणारी साधने) त्याहून कितीतरी जुने आहेत. त्यांपैकी जीडीबी 1986 पासून वापरात आहे, आणि त्याच्या आज्ञांची त्रोटक नावे सरावलेल्या माणसासाठी पुरेशी असतात. ‘नेक्स्ट’ चालू फंक्शनमध्येच राहून पुढच्या ओळीवर जाते, तर ‘स्टेप’ मधल्या फंक्शनच्या आत शिरते, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते. ब्रेकपॉइंटवर, म्हणजे थांबण्यासाठी ठरवलेल्या जागी, प्रोग्राम ज्या ओळीवर थांबतो ती अजून चाललेली नसते, हेही त्याला सांगावे लागत नाही. एजंटासाठी मात्र या दोन्ही गोष्टी वर्णनात लिहिणे श्रेयस्कर. नाहीतर ज्या ओळीत बेरीज व्हायची आहे तिच्यावर थांबून तो जुनीच बेरीज वाचतो आणि निर्दोष सूत्राला दोष देतो.

सर्वाधिक काळजी लागते ती पदावलीचे, म्हणजे व्हेरिएबल (मूल्य साठवणारी नावे) आणि फंक्शन यांच्या मांडणीचे, मूल्य काढणाऱ्या साधनाच्या वर्णनाला. उदाहरणादाखल, रावेर-यावल पट्ट्यातील केळी-खरेदीच्या पावत्या करणारा एखादा प्रोग्राम घेऊ. तो मध्येच थांबवून पुढच्या पावतीचा क्रमांक काय आहे हे पाहण्यासाठी एजंटाने क्रमांक देणारे फंक्शनच चालवले, तर क्रमांक एकाने पुढे सरकतो आणि पाहण्याच्या कृतीनेच नवी चूक जन्माला येते. ‘पदावलीचे मूल्य देते’ हे वर्णन खोटे नाही, पण अपुरे आहे. ‘थांबलेल्या प्रोग्राममध्ये पदावली प्रत्यक्ष चालवते, तीत फंक्शनला हाक असल्यास प्रोग्रामची स्थिती किंवा डेटाबेसमधील नोंद बदलू शकते, केवळ व्हेरिएबल पाहायचे असल्यास व्हेरिएबल वाचणारे साधन वापरावे’ असे लिहिले की एजंटाला मर्यादाही कळते आणि पर्यायही. प्रस्तुत लेखकाच्या मते वर्णनातील सर्वांत मोलाचे वाक्य हेच असते: हे साधन कुठे वापरू नये. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये साधन केवळ वाचणारे आहे की काही नष्ट करू शकते हे दर्शवणाऱ्या खुणा आहेत. परंतु त्या केवळ सूचक असल्याने वाक्यात लिहिण्याची गरज संपत नाही.

मोजणीची एकके हा दुसरा कळीचा भाग होय, आणि देवनागरी मजकूर हाताळणाऱ्या प्रोग्रामांत तो विशेष जाणवतो. कोड-संपादकाला भाषेची माहिती पुरवणारा लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल ओळी शून्यापासून मोजतो, तर संपादक आणि डीबगर जोडणाऱ्या डीबग अडॅप्टर प्रोटोकॉलमध्ये मोजणी, वेगळे सांगितले नाही तर, एकपासून होते. स्तंभाचे, म्हणजे ओळीतल्या कितव्या जागी याचे, तर आणखी नाजूक आहे. केळीच्या लागवडीच्या हंगामाचे ‘कांदेबाग’ हे नाव खानदेशातला वाचक चार अक्षरांचे मोजेल. काना, मात्रा, अनुस्वार धरून युनिकोड या लिपी-संकेतात त्याची आठ चिन्हे होतात आणि ती साठवण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत चोवीस बाइट. ‘स्तंभ क्रमांक’ एवढेच लिहिलेल्या वर्णनावरून एजंट यांपैकी कोणतीही मोजणी धरू शकतो. इंग्रजी अक्षरांत या तिन्ही मोजण्या जुळतात, म्हणून हा घोळ चाचणीत सुटून जातो आणि मराठी नोंदी आल्यावरच उघडा पडतो.

उत्तर रिकामे आले तर त्याचा अर्थ काय, हेही नोंदवावे लागते. व्हेरिएबल खरोखर रिकामे असणे, कंपायलरने (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने) ते काढून टाकलेले असणे आणि प्रोग्रामच संपलेला असणे या तीन निराळ्या अवस्था आहेत. तसेच लांबलचक स्टॅक (एकमेकांना हाक मारलेल्या फंक्शनांची यादी) छाटून दिला जात असेल, तर किती चौकटी (यादीतील नोंदी) दिल्या आणि उरलेल्या कशा मागवायच्या हे सांगावे.

साधन केव्हा निवडायचे हे लक्षणांच्या भाषेत लिहिलेले बरे. धुळे-जळगावकडच्या वापरकर्त्याने अहिराणीत ‘हिसाब चुकस’ एवढेच कळवले, तर प्रोग्राम कोसळलेला नाही, उत्तर चुकते आहे, इतकाच बोध होतो. अशा वेळी कोसळल्यानंतरची स्मृती-प्रत तपासणारे साधन निरुपयोगी ठरते, आणि मूल्य कोणत्या ओळीवर बदलले ते पकडणारा वॉचपॉइंट उपयोगी पडतो. हा भेद दोन्ही वर्णनांत असला पाहिजे.

लिहिलेले वर्णन तपासण्यासाठी प्रोग्राममध्ये मुद्दाम माहीत असलेली चूक ठेवतात, एजंटाला ती शोधायला सांगतात आणि त्याने कोणते साधन, कोणत्या क्रमाने, कोणती माहिती देऊन वापरले याची नोंद वाचतात. एजंट वारंवार एकाच ठिकाणी चुकत असेल तर प्रथम त्या साधनाचे वर्णन दुरुस्त करून तीच चाचणी पुन्हा घेतली जाते.