शाळेला मिळालेला रुपया आणि घरी उरलेला रुपया

विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात आणि नागपुरात सीताबर्डीच्या वह्यापुस्तकांच्या दुकानांत पालकांची गर्दी होते. महापालिकेच्या शाळांचा विषय निघाला की “कितीही पैसा ओता, निकाल तोच” हे वाक्य तेथे हमखास कानी पडते. या समजाला आधारच नाही, असे म्हणता येत नाही; अमेरिकेतील १९६६ च्या कोलमन अहवालातही मुलांच्या गुणांवर शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा प्रभाव अधिक दिसला होता. परंतु पैसा नेमका कोठे मुरतो, हे त्यावरून कळत नाही.

ते कळते आंध्र प्रदेशातील एका प्रयोगातून. तेथे सोडतीने निवडलेल्या १०० सरकारी शाळांना मुलांच्या वह्या, लेखनसाहित्य यांसाठी सलग दोन वर्षे अनुदान देण्यात आले. पहिल्या वर्षी ते अनपेक्षित होते आणि मुलांचे गुण वाढले. दुसऱ्या वर्षी अनुदान तेवढेच होते, पण गुणांत म्हणण्यासारखी भर पडली नाही. कारण शाळेतून वह्या मिळणार हे ठाऊक झाल्यावर पालकांनी त्यांवरील आपला खर्च कमी केला. गणिताच्या भाषेत, अनुदानामुळे गुण किती बदलतात हे मोजणारा, घरखर्च स्थिर धरून काढलेला अंशतः अवकलज धन होता. मात्र घरखर्चही बदलू दिल्यावर येणारा संपूर्ण अवकलज शून्याजवळ आला. म्हणजे रुपया वाया गेला नाही. तो शाळेतून शिरून घरच्या किराण्यात किंवा औषधात उतरला आणि गरीब घराला त्याची गरजही होती. गुणपत्रिकेत मात्र तो दिसला नाही.

म्हणून घराला जे विकत घेता येत नाही, त्यावर शाळेने खर्च केला तर ही भरपाई होण्यास वाव राहत नाही. चांगला शिक्षक, कमी पटाचा वर्ग, पत्र्याच्या छपराखाली चालणारा पंखा यांपैकी काहीही पालकाला दप्तरात घालून पाठवता येत नाही. (डिजिटल फळ्याच्या उद्घाटनाचे छायाचित्र या यादीत मी धरत नाही.)

दीर्घकालीन पुरावा अमेरिकेचा आहे. तेथे १९७१ पासून न्यायालयीन निकालांमुळे अनेक राज्यांना शाळांच्या निधीचे वाटप बदलावे लागले. त्या बदलांचा मागोवा घेणाऱ्या २०१६ च्या अभ्यासानुसार, शाळेची बाराही वर्षे दर विद्यार्थ्यामागचा खर्च १० टक्क्यांनी अधिक राहिला तर गरीब घरांतील मुले सरासरी सुमारे अर्धे वर्ष अधिक शिकली आणि प्रौढपणी त्यांची मजुरीही वाढली.