घरच्या व्हिडिओ संग्रहाचा दूरस्थ वापर

घरातील संगणकात किंवा ‘नॅस’ नावाने मिळणाऱ्या हार्डडिस्कच्या पेटीत साठवलेले व्हिडिओ घराबाहेरून इंटरनेटवर पाहण्याची व्यवस्था. यूट्यूबवर किंवा गूगल ड्राइव्हवर चढवलेल्या व्हिडिओची प्रत त्या कंपनीच्या संगणकावर जाते. इथे मात्र फाइल घरातून हलत नाही. पाहणारा मागेल तेवढा भाग घरचा संगणक त्या क्षणी पाठवत राहतो. या संगणकाला मीडिया सर्व्हर म्हणतात. प्लेक्स, एम्बी आणि जेलीफिन ही त्यासाठीची प्रचलित सॉफ्टवेअर आहेत.

संग्रहात विकत घेतलेल्या डिस्कवरून उतरवलेले चित्रपट असतात, तसेच घरगुती चित्रणही असते. मराठी घरांतून १९९०च्या दशकातील मुंजी आणि लग्ने व्हीएचएस कॅसेटवर, तर पुढची बारशी व सहली मिनीडीव्ही टेपवर आहेत. कोकणातल्या दमट हवेत टेपला बुरशी धरते, त्यामुळे त्या डिजिटल करून ठेवण्याला पर्याय नाही. त्या एकदा पुण्यातल्या घरी हार्डडिस्कवर आल्या, की न्यू जर्सीतल्या मुलीला त्या कशा दिसाव्यात हा प्रश्न उभा राहतो. जागा स्वस्त झाली, व्हिडिओ दाखवणारे पडदे खिशात आले, तरी हा प्रश्न सुटलेला नाही, कारण अडचण व्हिडिओची नसून मुख्यतः पत्त्याची आहे.

पूर्वपीठिका : सोनी, इंटेल इत्यादी कंपन्यांनी २००३ मध्ये डीएलएनए ही संघटना स्थापन केली. तिच्या नियमांनुसार घरातला टीव्ही आणि संगणक एकमेकांना आपोआप शोधून काढत. शोधाचा हा पुकारा घरच्या नेटवर्कपुरता होता, राउटरपलीकडे तो जात नसे. ही संघटना २०१७ मध्ये विसर्जित झाली.

घराबाहेरून पाहण्याची कल्पना लोकांपर्यंत पोहोचवली ती स्लिंगबॉक्सने. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाचे सामने प्रवासात पाहता येत नाहीत, म्हणून ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन या भावांनी ही पेटी तयार केली आणि २००५ मध्ये ती अमेरिकेत विक्रीला आली. घरच्या सेटटॉप बॉक्सला ती जोडली, की तोच कार्यक्रम लॅपटॉपवर दिसे. एकोस्टार या अमेरिकी उपग्रह-टीव्ही कंपनीने २००७ मध्ये ही कंपनी ३८ कोटी डॉलरना घेतली. घरची पेटी आणि पाहणाऱ्याचे यंत्र यांची गाठ कंपनीचे सर्व्हर घालून देत. ९ नोव्हेंबर २०२२ रोजी ते बंद झाले, आणि धडधाकट पेट्या अधिकृत मार्गाने वापरणे अशक्य झाले.

आजच्या सॉफ्टवेअरची पाळेमुळे निराळी आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी हौशी प्रोग्रामरांनी लिहिलेल्या एक्सबीएमसीचे २०१४ मध्ये ‘कोडी’ असे नामांतर झाले. त्याच्याच मॅकसाठीच्या आवृत्तीतून २००८च्या सुमारास प्लेक्स वेगळे झाले. एम्बीने २०१८च्या अखेरीस आपला स्रोत, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, खुला ठेवणे थांबवले, तेव्हा नाराज प्रोग्रामरांनी शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून जेलीफिन सुरू केले. ते विनामूल्य आहे. त्यामागे कंपनी नाही, म्हणून मध्यस्थ सर्व्हरही नाही. घरापर्यंतची वाट वापरणाऱ्याने स्वतः तयार करायची.

पत्त्याची अडचण : इंटरनेटवरील यंत्रांना आकडी पत्ते देण्याच्या जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी आहेत. म्हणून घराला बाहेरचा एकच पत्ता मिळतो आणि आतल्या यंत्रांना राउटर १९२.१६८ने सुरू होणारे खासगी पत्ते वाटतो. आतून गेलेल्या मागणीचे उत्तर कोणाला द्यायचे हे राउटरला ठाऊक असते. बाहेरून आपणहून आलेल्या मागणीची गत मात्र नुसता वाड्याचा पत्ता लिहिलेल्या पत्रासारखी होते : बिऱ्हाड कोणते, हे कळत नाही. त्यावर उपाय पोर्ट फॉरवर्डिंगचा. पोर्ट म्हणजे पत्त्यामागे जोडलेला दाराचा क्रमांक. विशिष्ट क्रमांकाच्या पोर्टवर आलेली मागणी अमुक यंत्राकडे द्यावी, असे राउटरला सांगून ठेवायचे. प्लेक्सचा ठरलेला पोर्ट ३२४००, जेलीफिनचा ८०९६. बाहेरचा पत्ता अधूनमधून बदलतो. त्याच्यासाठी डायनॅमिक डीएनएस ही सेवा एक स्थिर नाव पुरवते.

ही जुनी रीत आज भारतातील अनेक घरांत चालतच नाही. आशिया-पॅसिफिक विभागाला पत्ते वाटणाऱ्या एपनिकचा मुक्त साठा एप्रिल २०११ मध्ये आटला. त्यानंतर मोठ्या झालेल्या इंटरनेट कंपन्यांकडे पुरेसे पत्ते नव्हते, त्यामुळे त्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात. याला सीजीनॅट म्हणतात. इथे पोर्ट उघडायचा तो कंपनीच्या यंत्रावर, आणि त्यावर ग्राहकाचा हात पोहोचत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल, तर तो एप्रिल २०१२ मध्ये खास या कामासाठी राखून ठेवलेल्या गटातला आहे. मग पोर्ट फॉरवर्डिंगच्या मागे लागून संध्याकाळ घालवू नये.

मार्ग उरतात ते असे. काही ब्रॉडबँड कंपन्या जादा पैसे घेऊन स्वतंत्र स्थिर पत्ता देतात. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्त्यांचा तुटवडा नाही, आणि भारतात, विशेषतः जिओमुळे, त्याचा प्रसार मोठा आहे. पण राउटरची फायरवॉल बाहेरून येणारी जोडणी सहसा अडवते, ती उघडावी लागते आणि पाहणाऱ्याच्या बाजूलाही आयपीव्ही६ असावे लागते. हॉटेलच्या वायफायवर ते बहुधा नसते. तिसरा मार्ग रेलेचा : घरचा सर्व्हर आणि पाहणारा दोघेही आतून बाहेर, मधल्या एका सर्व्हरला जोडले जातात आणि व्हिडिओ त्याच्यातून वाहतो. घराबाहेरून पाहणे विनामूल्य होते तेव्हा, म्हणजे एप्रिल २०२५ पर्यंत, प्लेक्सचा रेले विनामूल्य खात्याला सेकंदाला १ मेगाबिटच देत असे. एवढ्या वेगात चित्र दिसते, चेहरे ओळखू येतात, याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

चौथा मार्ग खासगी नेटवर्कचा, आणि घरगुती वापरासाठी तोच सर्वांत शहाणपणाचा म्हणावा लागेल. वायरगार्ड ही जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेली व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणाऱ्या बंदिस्त खासगी जोडणीची) प्रणाली मार्च २०२०च्या लिनक्स ५.६ आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. तिच्यावर उभारलेले टेलस्केल दोन्ही टोकांच्या यंत्रांना एकमेकांचे पत्ते कळवते. दोघे एकाच वेळी बाहेर माहितीची छोटी पाकिटे पाठवतात, दोन्हीकडच्या राउटरना आलेले पाकीट आपल्याच मागणीचे उत्तर वाटते आणि थेट वाट मोकळी होते. बऱ्याचदा सीजीनॅटमधूनही हे साधते, न साधल्यास रेले असतोच. उणीव एवढीच, की पाहणाऱ्याच्या यंत्रावरही ते ॲप बसवावे लागते. आजीच्या स्मार्ट टीव्हीवर ते चालेलच असे नाही.

वेग आणि रूपांतर : ग्राहक डाउनलोडचा वेग पाहून जोडणी घेतो, इथे घरच्या बाजूचा अपलोड महत्त्वाचा असतो. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या एडीएसएलच्या काळात तो इतका तुटपुंजा असे, की हा बेत बहुतेकांनी सोडूनच दिला. फायबर आल्यावर चित्र पालटले. अंतराचाही परिणाम होतो. पुणे ते कॅलिफोर्निया आणि परत या फेरीला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि वाटेत पाकिटे गळाली तर एका जोडणीचा वेग झपाट्याने उतरतो. त्यामुळे मुंबईहून नीट दिसणारी फाइल अमेरिकेत अडखळू शकते.

मिनीडीव्हीचे चित्र सेकंदाला २५ मेगाबिट घेते, आणि आवाज वगैरे धरून तासाच्या टेपला सुमारे १३ गीगाबाइट लागतात. शिवाय ब्राउझर आणि मोबाइल हा प्रकार चालवत नाहीत. मग सर्व्हर ती फाइल पाहता पाहता एच.२६४ सारख्या रूपात बदलून देतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. ते जड काम आहे, पण इंटेलच्या २०११ पासूनच्या अनेक प्रोसेसरांत त्यासाठी क्विक सिंक नावाचा वेगळा भाग असल्याने साधा जुना डेस्कटॉपही ते पेलतो. तरीही घरगुती चित्रण एकदाच, सावकाश बदलून ठेवलेले बरे. ४–५ मेगाबिटमध्ये ते उत्तम दिसते आणि तासाला सव्वादोन गीगाबाइटच्या आत बसते. रूपांतर करताना डीइंटरलेसिंग, म्हणजे वेगवेगळ्या टिपलेल्या ओळी नीट जुळवून घेणे, विसरू नये. त्या कॅमेऱ्यांत एका चित्राच्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात, आणि वरातीतल्या लेझीमच्या हालचालींना आजच्या पडद्यावर फणीसारखे दाते फुटतात. मूळ टेपची फाइल मात्र जपून ठेवावी.

चित्रपटांची नावे आणि पोस्टर ही सॉफ्टवेअर ऑनलाइन सूचीतून आणतात. घरगुती चित्रणासाठी संग्रहाचा वेगळा प्रकार निवडला नाही, तर ‘मुंज’ नावाच्या फाइलला भलत्याच चित्रपटाचे पोस्टर चिकटण्याची शक्यता असते. देवनागरी उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात असावी आणि पाहणाऱ्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट असावा. नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन येतात.

सुरक्षा आणि अवलंबित्व : उघडलेला पोर्ट जगाला दिसतो. शोदानसारखी शोधयंत्रे असे पोर्ट धुंडाळून त्यांची यादीच ठेवतात. पासवर्ड जपून ठेवणाऱ्या लास्टपास या कंपनीवर २०२२ मध्ये हल्ला झाला. त्यात हल्लेखोर एका अभियंत्याच्या घरच्या संगणकातून शिरले, आणि तेही प्लेक्सच्या जुन्या आवृत्तीतल्या त्रुटीवाटे. ती त्रुटी २०२० मध्येच दुरुस्त झाली होती, पण त्या संगणकावर नवी आवृत्ती घेतलेली नव्हती.

मध्यस्थ असला की अटी त्याच्या असतात. एप्रिल २०२५च्या अखेरीपासून प्लेक्सने घराबाहेरून स्वतःचाच संग्रह पाहण्यासाठी वर्गणी लागू केली. सिनॉलॉजीने २०२४ मध्ये आपल्या नॅसच्या नव्या आवृत्तीतून व्हिडिओ स्टेशन हे ॲप काढूनच टाकले.

कायदा : भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम ५२ खासगी वापरासाठी रास्त व्यवहाराची मुभा देते. मात्र प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने डिस्कचे कुलूप तोडणे २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५अ नुसार गुन्हा आहे. लग्नाच्या चित्रफितीची स्थिती अनेकांना अनपेक्षित वाटेल. कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल, तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला मालक व्हिडिओग्राफर नव्हे, काम सांगणारा असतो. तिच्यावर चढवलेली चित्रपटगीते मात्र त्याची होत नाहीत. अशी फीत यूट्यूबवर टाकली, की गाणी आपोआप ओळखणारी तिथली यंत्रणा दावा लावते आणि प्रसंगी मंगलाष्टकांनंतरचा आवाजच बंद होतो. घरच्या सर्व्हरकडे वळण्याचे हेही एक कारण ठरते.