डब्यावरची चिठ्ठी आणि यूयूसीपी

अहमदपूर, चाकूर, औसा या भागांतून लातूरला शिकायला आलेल्या पोरांचे डबे वर्षानुवर्षं एसटीने येत आले. पहाटे घरात भाकरी-पिठलं बांधायचं, डब्यावर चिठ्ठी चिकटवायची आणि फाट्यावर पहिली गाडी आली की कंडक्टरच्या हवाली करायचं. कंडक्टर त्या मुलाला ओळखत नाही, त्याची त्याला गरजही नाही. डबा लातूरच्या स्टँडवर उतरवायचा, एवढंच त्याचं काम. मुलगा तास संपल्यावर येतो, ओळीने मांडलेल्या डब्यांतून आपली चिठ्ठी शोधतो आणि जेवायला जातो. देणारा आणि घेणारा एका क्षणी समोरासमोर असावेच लागत नाहीत.

संगणकांच्या जगात हीच रीत १९७६ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी बसवली. तिचं नाव ‘यूनिक्स टू यूनिक्स कॉपी’, म्हणजे यूयूसीपी. यूनिक्स ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली. एका यूनिक्स यंत्रावरची फाइल दुसऱ्या यूनिक्स यंत्रावर न्यायची आणि त्यासाठी साधी टेलिफोनची लाइन व मॉडेम, म्हणजे संगणकाला फोनच्या लाइनशी जोडणारी पेटी, वापरायची. लेस्क, डेव्हिड नोविट्झ आणि ग्रेग चेसन यांनी ती नव्याने लिहिली आणि १९७९ मध्ये यूनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर ती सगळीकडे पोचली. पुढे १९८३ मध्ये पीटर हनीमन, नोविट्झ आणि ब्रायन रेडमन यांनी केलेली आवृत्ती तिघांच्या नावांचे तुकडे जोडून ‘हनीडॅनबर’ म्हणून ओळखली गेली. १९९१ मध्ये इयन लान्स टेलर यांनी मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणारी, आवृत्ती लिहिली. अंबाजोगाईच्या आमच्या कॉलेजात मी मुलांना दाखवतो ती हीच. भंगारात निघालेले दोन संगणक, मधे एक सीरियल केबल, बस्स.

मी ती का दाखवतो? आजच्या मुलांना नेटवर्क म्हणजे कायम चालू असलेला नळ वाटतो. नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं अशा गावांतून ही मुलं येतात, घरी पिंप भरून ठेवायची सवय त्यांच्या हाडीमासी आहे. तरीही संगणकावर पान उघडलं नाही की ‘नेट बंद आहे’ म्हणून हात झटकतात. यूयूसीपीची सगळी मांडणी पिंपाची आहे. लाइन नसणं ही तिच्या लेखी अडचणच नव्हे, ती नेहमीची स्थिती.

हे पिंप म्हणजे स्पूल नावाची डिरेक्टरी. तुम्ही यूयूसीपी ही आज्ञा देता तेव्हा फाइल लगेच कुठेही जात नाही. स्पूलमध्ये एक छोटी कामाची चिठ्ठी तयार होते, तिचं नाव इंग्रजी ‘सी’ने सुरू होतं: कोणती फाइल, कोणत्या यंत्राकडे, कुणाच्या नावाने. माल स्वतः ‘डी’ने सुरू होणाऱ्या फाइलीत. आणि पलीकडे पोचल्यावर एखादी आज्ञा चालवायची असेल तर ‘एक्स’ने सुरू होणारी तिसरी चिठ्ठी. चिठ्ठी वेगळी, डबा वेगळा.

इथे एक बारकावा आहे आणि त्यात मुलं हमखास फसतात. यूयूसीपीला छोटा ‘सी’ हा पर्याय दिला तर ती तुमच्या फाइलीची प्रत काढत नाही, फक्त ‘ती फाइल तिथे आहे’ एवढी नोंद ठेवते. लाइन जुळेल तेव्हा फाइल जशी असेल तशी जाते. मोठा ‘सी’ दिला तर आज्ञा दिली त्या क्षणीच प्रत स्पूलमध्ये पडते. समजा, दुपारी गुणांची यादी पाठवायला लावली आणि संध्याकाळी तिच्यात दोन दुरुस्त्या केल्या. रात्री लाइन लागली. पलीकडे कोणती यादी पोचेल? छोट्या सीने दुरुस्त केलेली, मोठ्या सीने दुपारची. आणि छोटा सी वापरून संध्याकाळी मूळ फाइलच पुसली, तर काहीच पोचणार नाही. पाठवण्याची वेळ आणि पोचण्याची वेळ यांत अंतर पडलं की ‘मी काय पाठवलं’ हा प्रश्नच बदलतो. हे मुलांना एकदा स्वतः चुकून कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

यूयूसीपीची खरी धाकटी बहीण यूयूएक्स. ती पलीकडच्या यंत्रावर आज्ञा चालवायला सांगते. त्या काळातला ईमेल म्हणजे यापेक्षा वेगळं काही नव्हतं: पत्राचा मजकूर डी फाइलीत, ‘आरमेल (पत्र पोचवणारा प्रोग्रॅम) चालव’ ही सूचना एक्स फाइलीत. पलीकडे यूयूएक्सक्यूटी नावाचा प्रोग्रॅम ती एक्स चिठ्ठी वाचतो आणि पत्र पेटीत टाकतो. परक्या यंत्राने आपल्याकडे वाटेल ती आज्ञा चालवली तर अनर्थच, म्हणून कोणत्या यंत्राला कोणत्या आज्ञा चालतील याची यादी वेगळी लिहून ठेवावी लागे. बहुतेक ठिकाणी त्यात पत्रासाठी आरमेल आणि बातम्यांसाठी आरन्यूज, एवढी दोनच नावं असत. या दुसऱ्या नावामागे यूजनेट हे चर्चांचं जाळं आहे. टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये त्याची कल्पना मांडली आणि जगभरच्या चर्चा रात्रीच्या फोनकॉलवरून या यंत्रावरून त्या यंत्रावर जाऊ लागल्या.

आता लाइन जुळते तेव्हा काय होतं ते बघा, मला यातला हा भाग सगळ्यांत आवडतो. प्रत्यक्ष वाहतूक करणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव यूयूसिको, ‘कॉपी इन, कॉपी आउट’चं लघुरूप. तो आधी यादीत बघतो की या यंत्राला कधी फोन करायचा. ‘केव्हाही’ असंही लिहिता येतं आणि ‘कामाच्या दिवशी रात्री अकरा ते सकाळी आठ’ असंही, कारण रात्री कॉल स्वस्त. आपल्याकडे एसटीडी बूथवर रात्री पाव दर लागायची वाट बघत माणसं रांगेत उभी राहायची, यंत्रंही तशीच थांबायची. वेळ झाली की नंबर फिरवायचा, पलीकडून लॉगिन विचारलं जाण्याची वाट बघायची. यादीत मात्र ‘लॉगिन’ हा शब्द पूर्ण लिहीत नसत, पहिलं अक्षर सोडून उरलेलाच लिहीत. कुणाकडे ते अक्षर मोठ्या लिपीत, कुणाकडे छोट्या, आणि कधी लाइनच्या खरखरीत ते गायबच. म्हणून शेपटीवरून ओळखायचं.

आत शिरल्यावर पलीकडचं यंत्र म्हणतं, ‘मी अमुक, इथे आहे.’ फोन करणारं आपलं नाव सांगतं. ओळख पटली तर ‘ठीक’. मग पलीकडचं यंत्र आपल्याला येणाऱ्या पद्धतींची अक्षरं वाचून दाखवतं, इकडचं त्यांतलं एक निवडतं. जुनी आणि सगळ्यांना येणारी पद्धत म्हणजे ‘जी’, चेसन यांनी बसवलेली. तिच्यात माल सहसा ६४ बाइटच्या पुड्यांत बांधतात, प्रत्येक पुडीवर क्रमांक आणि तपासणीची बेरीज असते. पोच यायच्या आधी जास्तीत जास्त सात पुड्या पुढे सोडता येतात. बेरीज जुळली नाही की ती पुडी पुन्हा मागवायची. लाइन खराब असली तर काम रेंगाळतं, पण चुकीचा माल खरा म्हणून आत जाऊ नये याची काळजी घेतली जाते.

फोन करणारा आधी मालक असतो, दुसरा नोकर. मालकाकडची कामं संपली की तो विचारतो, ‘ठेवू का फोन?’ नोकर म्हणू शकतो, ‘नको, माझ्याकडे तुझ्यासाठी काही आहे.’ लगेच भूमिका उलटतात आणि एकाच कॉलच्या पैशात दोन्हीकडचा माल सुटतो. शेवटी दोघांचंही काम संपलं की फोन करणारा सहा ‘ओ’ पाठवतो आणि पलीकडचा सात ‘ओ’ पाठवून निरोप घेतो.

दरम्यान लाइट गेली तर? आमच्याकडे हा प्रश्न कल्पनेतला नाही. येणारी फाइल आधी तात्पुरत्या नावाने उतरते आणि पूर्ण झाल्यावरच खऱ्या जागी हलवली जाते, त्यामुळे अर्धवट फाइल पूर्ण म्हणून कुणाच्या हाती पडत नाही. पाठवणाऱ्याकडची चिठ्ठी ‘पोचलं’ असं उत्तर येईपर्यंत फाडली जात नाही. एक गुंता मात्र उरतो. मॉडेम वापरात आहे हे सांगणारी कुलपाची फाइल तशीच पडून राहते, आणि लाइट आल्यावर दुसरा प्रोग्रॅम बघतो तर दाराला कुलूप. म्हणून कुलपात ते लावणाऱ्या प्रक्रियेचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, क्रमांक लिहून ठेवतात. ती प्रक्रिया जिवंत नसेल तर कुलूप खुशाल काढता येतं.

यूयूस्टॅट ही आज्ञा मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. रोजचा कारभार तिच्यावर चालतो. तिला ‘ए’ दिला की सगळी थांबलेली कामं दिसतात: कामाचा क्रमांक, कुठल्या यंत्रासाठी, कुणाचं, कधी टाकलं, काय करायचंय. ‘क्यू’ दिला तर यंत्रागणिक किती साठलंय ते. ‘एम’ दिला तर शेवटच्या संभाषणाचं काय झालं ते. ‘के’ने काम रद्द. आणि ‘आर’ने काम ताजं. या शेवटच्याचं कौतुक जरा थांबून करायला हवं. स्पूल साचून तुंबू नये म्हणून जुनी कामं झाडून काढणारा वेगळा प्रोग्रॅम रोज चालतो. हनीडॅनबर आवृत्तीत एक दिवस उलटला की तो काम टाकणाऱ्याला सावध करतो आणि सात दिवसांनी काम काढून टाकतो. पण पलीकडचं यंत्र दुरुस्तीला गेलंय आणि दहा दिवसांनी येणार हे तुम्हाला ठाऊक असेल, तर ‘आर’ देऊन त्या चिठ्ठीवरची तारीख आजची करता येते. वाट बघण्याला मुदतवाढ देणारी ही आज्ञा आहे. दुसरीकडे अशी आज्ञा मी फार कमी पाहिली.

यूयूलॉग घडून गेलेल्याची वही दाखवते, यूयूनेम आपल्याला माहीत असलेल्या यंत्रांची नावं. यूयूटू आणि यूयूपिक ही जोडी म्हणजे आपला स्टँडच. यूयूटू फाइल पलीकडच्या सार्वजनिक डिरेक्टरीत, ज्याची त्याच्या नावाने, नेऊन ठेवते. यूयूपिक ती एकेक करून समोर धरते आणि विचारते: घेऊ, पुसू की राहू दे?

यूयूनेममध्ये नाव नसलेल्या यंत्राला पत्र कसं पाठवायचं? वाट स्वतः सांगून. यंत्रांची नावं क्रमाने लिहायची आणि मधे उद्गारचिन्ह. उदगीरच्या माणसाला मनमाडला निरोप धाडायचा असेल तर तो असा लिहील: लातूररोड!परळी!परभणी!मनमाड!भाऊ. रेल्वेने जाणारा उदगीरकर वाटेतली हीच जंक्शनं तोंडपाठ सांगेल. प्रत्येक यंत्र आपलं नाव काढून टाकतं आणि उरलेला पत्ता पुढच्याच्या हाती देतं. इथे पत्ता म्हणजे घर नव्हे, तिथवरची वाट. म्हणून एकाच माणसाचा पत्ता औरंगाबादहून वेगळा आणि नांदेडहून वेगळा. लोक आपला पत्ता देताना एखाद्या मोठ्या, सर्वांना माहीत असलेल्या यंत्रापासून पुढची वाट सांगत, जसं आपण ‘परभणी जंक्शनला उतरा, तिथून पुढे सांगतो’ म्हणतो.

मराठी मजकुराची एक वेगळीच गंमत होती. संगणक प्रत्येक अक्षर शून्य-एकच्या खुणांत, म्हणजे बिटांत, साठवतो. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये प्रमाणित झालेली इस्की पद्धत आठ बिटांची. ईमेलची वाट मात्र बऱ्याच ठिकाणी सातच बिट सांभाळायची. आठवा बिट गळला की देवनागरीचा चुराडा. उपाय म्हणजे यूयूएनकोड, बर्कलीत मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८० मध्ये लिहिलेला. तीन बाइट (आठ बिटांचा एक) घ्यायचे, त्यांचे २४ बिट सहा-सहाच्या चार गटांत वाटायचे आणि प्रत्येक गटासाठी एक साधं छापील अक्षर लिहायचं. एका ओळीत ४५ बाइट मावतात, त्यांची ६० अक्षरं होतात. ओळीचं पहिलं अक्षर तिची लांबी सांगतं, म्हणून भरलेली प्रत्येक ओळ ‘एम’ने सुरू होते. मजकूर तिसऱ्या हिश्शाने फुगतो, पण शाबूत पोचतो.

भारतातल्या संशोधन संस्थांना जोडणारं अर्नेट १९८६ मध्ये सुरू झालं. मुंबईची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था, पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी ही विज्ञान संस्था आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग हे त्याचे आरंभीचे घटक. पहिली काही वर्षं त्यावर फक्त यूयूसीपीचाच मेल चालायचा. सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. तोवर या देशाच्या ईमेलची पायवाट डायल केलेल्या फोनवरूनच पडलेली होती.

आज हेच तत्त्व अंतराळात लागतं. मंगळाभोवती फिरणारं यान ग्रहाआड गेलं की लाइन तुटते, संदेशाला नुसतं पोचायलाच कित्येक मिनिटं लागतात. अशा ठिकाणांसाठी ‘बंडल प्रोटोकॉल’ ही संदेश नेण्याची नियमावली बनवली गेली, तिची सातवी आवृत्ती २०२२ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. संदेशाचं गाठोडं करायचं, पुढचा मुक्काम खुला होईपर्यंत जपून ठेवायचं, मग पुढे द्यायचं.

आमच्या प्रयोगशाळेत मागच्या उन्हाळ्यात एका मुलीने दुसऱ्या यंत्राकडे फाइल पाठवायला लावली आणि लाइट गेली. ती सुट्टीला गावी गेली. चार दिवसांनी परत आल्यावर तिने आधी यूयूस्टॅट चालवलं, यादी रिकामी. मग यूयूलॉग उघडलं. ती गावी गेली त्याच रात्री लाइट परत आली होती आणि दोन वाजून दहा मिनिटांनी फाइल पलीकडे उतरली होती. खोलीत तेव्हा कुणीच नव्हतं.