मामा, यात सेल कुठाय?

गेल्या विसर्जनाला लक्ष्मी रोडवर भाचीला ते चमकणारं कडं घेऊन दिलं. कडकन वाकवलं, उजळलं, आणि पोरगी म्हणते, "मामा, यात सेल कुठाय?" सेल नाहीच! आत काचेची बारीक नळी असते, ती फुटली की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऑक्झलेट एकत्र येतात, त्यातून एक अगदी नाजूक संयुग तयार होतं, ते मोडताना सुटलेली ऊर्जा शेजारच्या रंगाला मिळते आणि तो रंग ती प्रकाश म्हणून सोडतो. (फ्रीझरमध्ये ठेवलं तर मंद होतं पण जास्त टिकतं, आमच्याकडे मटारच्या पिशवीवर पडलेलं होतं.)

आता हेच उलटं करा. पेरॉक्साइड काढून घ्या, बाकी सगळं शरीरात सोडा. उजेड दिसला म्हणजे तिथे पेरॉक्साइड आहे. 2007 मध्ये अमेरिकेत नॅनोकण वापरून जिवंत उंदरांमध्ये हे खरंच करून दाखवलं, जिथे सूज होती तिथे उजेड.

शरीरात पेरॉक्साइड कुठून आलं म्हणाल तर आपणच बनवतो. जंतू दिसला की पांढऱ्या पेशी ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड करतात, त्याचं पेरॉक्साइड होतं, आणि त्यात क्लोराइड घालून चक्क हायपोक्लोरस अॅसिड, म्हणजे आपल्या नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचंच काम करणारं. पण ही मंडळी इतकी थोडी आणि इतकी क्षणभंगुर की बाहेर काढून मोजेपर्यंत गायब, म्हणून जागेवरच दिवा लावायचा.

ल्युमिनॉल नावाच्या रसायनाचा असा उजेड 1928 पासून माहीत आहे, पण तो निळा. मोबाईलचा टॉर्च बोटाला चिकटवून बघा, बोट लालच दिसतं ना? निळा रक्तात अडकतो. म्हणून शरीरात खोलवर बघायचं तर लालसर उजेड देणारे प्रोब, म्हणजे शोध घेणारी रसायनं, लागतात.

आणि प्रोब थापाही मारतात बरं का. ल्युसिजेनिन सुपरऑक्साइड शोधायला घालायचं, तर काही वेळा ते स्वतःच सुपरऑक्साइड तयार करतं, म्हणजे साक्षीदारानेच चोरी केली! बोरोनेटवाले प्रोब पेरॉक्साइडसाठी म्हणून वापरतात, पण पेरॉक्सिनायट्राइट हा शरीरातलाच दुसरा तिखट रेणू आला तर त्याच्याशी कितीतरी पट वेगाने जुळतात. त्यामुळे नुसता चमकणारा फोटो बघून मी तरी हुरळत नाही, पेरॉक्साइड खाणारं कॅटलेज घातल्यावर उजेड गेला का, हे आधी बघतो.

कधीकधी तर न लागलेला दिवाच कामाचा असतो. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज असलेल्या मुलांच्या पांढऱ्या पेशींना हा मारा नीट करताच येत नाही, सारखे गंभीर संसर्ग होतात. त्यांच्या रक्ताच्या नमुन्यात डायहायड्रोरोडामीन हा असाच एक प्रोब घालून पेशींना डिवचलं की निरोगी पेशी झगझगतात, यांच्या जवळजवळ अंधारात. बऱ्याचदा हा दोष आईच्या एका एक्स क्रोमोसोमवरून आलेला असतो, आणि मग तिचंही रक्त तपासलं तर एकाच नळीत दोन गट दिसतात, काही पेशी लख्ख आणि काही विझलेल्या.