लिथुआनियन ‘शुओ’ : एका नामाची पार्श्वभूमी

लिथुआनियन भाषेत कुत्र्याला ‘शुओ’ म्हणतात. नुसत्या या रूपावरून संस्कृतशी असलेले त्याचे नाते सहसा लक्षात येत नाही. ते उघड होते षष्ठीत. ‘कुत्र्याचा’ या अर्थी ‘शुन्स’ हे रूप येते आणि त्याच्याशेजारी संस्कृत ‘शुनः’ ठेवले, की श्वा–शुनः आणि शुओ–शुन्स या जोड्यांत प्रथमेच्या एकवचनात अंत्य ‘न्’ लोपतो आणि पुढच्या विभक्तींत तो परत येतो, हे स्पष्ट दिसते. ग्रीकमध्ये तो प्रथमेतही टिकला आहे. मूळ भारोपीय, म्हणजे या तिन्ही भाषांच्या समान पूर्वज भाषेतील, शब्दाच्या आरंभीच्या ध्वनीचा ग्रीकमध्ये ‘क’ झाला, तर संस्कृत व लिथुआनियन या दोन्हींत ‘श’. त्यापुढचा ‘व’ मात्र संस्कृतने राखला आणि लिथुआनियनने गमावला.

आजच्या व्याकरणात हे नाम पाचव्या, म्हणजे व्यंजनान्त वर्गात मोडते. पाणी, दगड, बहीण, मुलगी असे मोजकेच शब्द या वर्गात उरले असून त्यांची काही रूपे इकारान्त नामांच्या वळणावर गेली आहेत. द्वितीयेचे ‘शुनी’ विशेष पाहण्यासारखे आहे: त्यातील अंत्य ‘ई’च्या अक्षराखाली एक शेपटी काढतात, कारण तिथे पूर्वी अनुनासिक उच्चार होता आणि आता केवळ दीर्घ स्वर उरला आहे. मराठीने असे अनुच्चारित अनुस्वार 1962च्या लेखननियमांनी सोडून दिले. लिथुआनियन लेखनाने ही खूण ठेवली, आणि शब्दाचा इतिहास वाचणाऱ्याला तिचे मोल फार आहे.

जुन्या रूपांचे हे वैभव प्रथम शेतकऱ्यांच्या बोलीत होते. भाषाशास्त्रज्ञ आउगुस्ट श्लायशर 1852 साली पूर्व प्रशिया या तेव्हाच्या जर्मन प्रदेशात जाऊन ती बोली प्रत्यक्ष ऐकून शिकले व 1856 मध्ये त्यांनी तिचे व्याकरण छापले. रशियन साम्राज्यात मात्र 1864 ते 1904 या काळात लॅटिन लिपीतील लिथुआनियन छपाईवर बंदी होती. त्यामुळे प्रमाण भाषेचा पाया घालणारे योनास याब्लोन्स्किस यांचे 1901चे व्याकरण सीमेपलीकडे, पूर्व प्रशियातील टिल्झिटला, टोपणनावाने छापावे लागले.

शेजारच्या लात्वियन भाषेने हा रूपभेद पुसून प्रथमेतच ‘सुन्स’ केले. आपल्याकडेही श्वा हे रूप बोलीतून गेले आणि ‘शुन्’ तेवढा राहिला, जुन्या मराठीतल्या व आजच्या कोकणीतल्या ‘सुणें’ या शब्दात.