बेडकाच्या अंडपेशीत संकर बनत नाही

‘बेडकाच्या अंड्यात माणसाचं जनुक घालून अर्धा बेडूक, अर्धा माणूस बनवतात’ हा समज वर्षानुवर्षे फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. प्रयोगशाळेत वापरतात ती झेनोपस या आफ्रिकी बेडकाची अंडपेशी फलित झालेलीच नसते; तिच्यातून बेडूकही जन्मत नाही, मग संकर कुठला? तिच्यात सहसा टोचतात तो आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप. कालांतराने तो विरून जातो. 1971 मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन आणि सहकाऱ्यांनी सशाच्या हिमोग्लोबिनचा आरएनए टोचला, तर पेशीने बिनतक्रार सशाचं हिमोग्लोबिन बनवलं!

पेशी जेमतेम एक मिलिमीटरची, अर्धी काळपट, अर्धी पिवळसर. तिच्यात टीआरएच या मेंदूतून सुटणाऱ्या संप्रेरकाच्या ग्राहीचा, म्हणजे ते संप्रेरक पकडणाऱ्या प्रथिनाचा, आरएनए टोचायचा, एक-दोन दिवस थांबायचं, मग दोन बारीक इलेक्ट्रोड खुपसून वर संप्रेरक सोडायचं. ग्राहीने ते पकडलं की आत कॅल्शियम मोकळं होतं, पेशीच्या स्वतःच्या क्लोराइड वाहिन्या (विद्युतभारित क्लोराइड कणांच्या वाटा) उघडतात आणि यंत्राच्या पडद्यावर विद्युतप्रवाहाची रेघ उसळते. मला ही युक्ती फार देखणी वाटते. उंदराच्या टीआरएच ग्राहीचं जनुक 1990 मध्ये याच वाटेने हाती लागलं.

‘बेडकातलं माणसाला काय लागू?’ हेही अर्धवटच. ग्राही माणसाचा टोचला तर तो माणसाचाच. पेशीपटल आणि तापमान मात्र वेगळं, म्हणून सस्तन प्राण्यांच्या पेशींतही पडताळणी करावी लागते.