हार्डविकचे दोन हॉल: जुना किती जुना?

इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये एका टेकडीवर दोन दगडी प्रासाद शेजारीशेजारी उभे आहेत. ‘ओल्ड हॉल’चं छप्पर गेलंय, उरल्यात त्या भिंती. ‘न्यू हॉल’ धडधाकट आहे. फोटो पाहून पडका तो मध्ययुगातला असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात जुन्याचं बांधकाम 1587 मध्ये सुरू झालं, नव्याचं 1590 मध्ये, आणि तेव्हा जुन्यावर गवंडी राबतच होते!

दोन्ही बांधले एकाच बाईनं. एलिझाबेथ टॅलबट, म्हणजेच ‘बेस ऑफ हार्डविक’. नवऱ्याशी, श्रूजबरीच्या अर्लशी (अर्ल ही तिथली उमरावाची पदवी), बिनसल्यावर ती माहेरच्या या जागेवर आली. 1590 मध्ये तो वारला आणि बाईंच्या हाती पैसा खेळू लागला.

दगडावरून काही कळायचं नाही. तो इथलाच वालुकाश्म. खरा फरक आराखड्यात आहे. ओल्ड हॉल म्हणजे माहेरच्या घराला जोडत नेलेलं काम, माणसं वाढली की वाड्याला खोल्या निघतात तसं. त्यामुळे डावी बाजू उजवीशी जुळत नाही. न्यू हॉलचा आराखडा मात्र कोऱ्या जागेवर आखलेला. तो वास्तुविशारद रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. डावं-उजवं तंतोतंत सारखं, सहा मनोरे आणि खिडक्या मजल्यागणिक उंच होत गेलेल्या, कारण खाली नोकरचाकर, मध्ये घरची मंडळी आणि मानाची दालनं सगळ्यात वर. काच तेव्हा भलतीच महाग. हा श्रीमंतीचा उघड थाटच होता. पण बाहेरच्या भिंतींना एवढ्या काचा लावल्यावर धुराडी न्यायची कुठून? ती बरीचशी आतल्या जाड भिंतीतून वर काढली. तरी सममिती सांभाळताना थोडी लबाडी करावी लागलीच: काही खिडक्या नुसत्या दिखाऊ आहेत, काचेमागे भिंत.

मुख्य दिवाणखाना दर्शनी बाजूला समांतर न ठेवता आडवा, आतपर्यंत नेण्याची नवलाई लोक न्यू हॉलच्या नावावर मांडतात. माझ्या मते हा अन्याय आहे, कारण ती आधी ओल्ड हॉलमध्ये दिसते. नंतरही दोन्ही घरं एकत्रच वापरात होती. जुन्याची मोडतोड झाली ती अठराव्या शतकात.

फोटोत गोंधळ झालाच तर मनोऱ्यांच्या माथ्यावर बघा. दगडात कोरलेली ‘ई एस’, म्हणजे एलिझाबेथ श्रूजबरी, ही अक्षरं दिसली की तो न्यू हॉल.